शिवाजीनगरचं सांडपाणी आणि आयोडिनचा माग

डॉक्टरांनी मावशीला शेवटचा प्रश्न विचारला तो असा : "घरात तुमच्यासाठी वेगळा संडास आहे का?"

आजार थायरॉइडचा. वजन उतरलेलं, छातीत धडधड, हात कापायचे, रात्र रात्र झोप नाही. गोळ्यांनी आटोक्यात येईना, तेव्हा किरणोत्सारी आयोडिनचा एक डोस द्यायचं ठरलं. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या मागे तिचं दोन खोल्यांचं घर आहे. जिन्याखाली एक संडास, तोही तीन बिऱ्हाडांत मिळून. मावशीनं खरं ते सांगितलं. डोस पंधरा दिवस पुढे ढकलला गेला. तेवढ्यात जयमहलला राहणाऱ्या धाकट्या दिरांनी आपली मागची खोली रिकामी करून दिली. तिथे संडास-न्हाणी वेगळी होती.

डोसाच्या दिवशी मी सोबत होतो. मुठीएवढं, पण उचलायला जड असं शिशाचं भांडं टेबलावर ठेवलं होतं. झाकण काढल्यावर आत काचेची कुपी आणि तिच्या तळाशी पाण्यासारखं काहीतरी. मावशीनं ते नळीनं ओढून घेतलं, वरून ग्लासभर पाणी प्यायली. रंग नाही, वास नाही, चव नाही. "झालं?" तिनं विचारलं. झालं होतं. निघताना एक कागद मिळाला : झाकण लावून दोनदा फ्लश करा, ताट-वाटी-टॉवेल वेगळे ठेवा, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून काही दिवस लांब राहा, पाणी भरपूर प्या. रिक्षात बसल्यावर तिनं तो कागद पुन्हा वाचला आणि म्हणाली, "अरे, दोनदा फ्लश केलं की घरातून गेलं, हे कळलं. पण जातं कुठं?"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत सांगितलं. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर सुरुवात बेंगळुरूत नाही, मुंबईत करावी लागते.

ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात 'ध्रुव' नावाची अणुभट्टी आहे, १९८५ साली सुरू झालेली. तिच्यात टेल्युरियम ऑक्साइडची पूड न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात. टेल्युरियमचा अणू न्यूट्रॉन गिळतो, अस्थिर होतो आणि बदलत बदलत आयोडिन-१३१ बनतो. पूड मग तापवायची. आयोडिनची वाफ निघते, टेल्युरियम मागे राहतं. ती वाफ अल्कलीच्या द्रावणात पकडायची. वाशीच्या 'ब्रिट' या संस्थेमार्फत, म्हणजे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळामार्फत, ते शिशाच्या भांड्यांतून देशभरच्या रुग्णालयांकडे रवाना होतं. परळला टाटा रुग्णालयाशेजारी १९६३ साली विकिरण औषध केंद्र सुरू झालं; आपल्याकडे थायरॉइडच्या रुग्णांना हे औषध देण्याची घडी तिथे बसली. आयोडिन-१३१ हे समस्थानिक मुळात सापडलं १९३८ साली अमेरिकेत, ग्लेन सीबॉर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांना. पण मावशीच्या कुपीशी आपलं नातं जवळचं आहे, ते ट्रॉम्बेचं.

या औषधाचा साठा करता येत नाही. दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं. आठ दिवसांनी अर्धं, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी दोन आणे. ऐंशी दिवसांनी मूळच्या हजारातला जेमतेम एक भाग उरतो. सावकाराचं व्याज जसं चढत जातं तसंच हे उतरत जातं, आणि त्यात कुणाला सूट नाही. थंड ठेवा, उकळा, क्लोरिन घाला, नदीत सोडा, आठ दिवसांचे आठच दिवस.

आता प्रमाण बघा. मावशीला मिळाले १० मिलिक्युरी, म्हणजे ३७ कोटी बेकरेल. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. ३७ कोटी हा आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण त्या आयोडिनचं वजन किती? ०.०८ मायक्रोग्रॅम. माणसाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम साधं आयोडिन लागतं आणि ते आपण मिठातून खातो. म्हणजे एका दिवसाच्या मिठातल्या आयोडिनच्या जवळजवळ दोन हजाराव्या हिश्श्याइतकं हे औषध. कुठल्याही तराजूवर, कुठल्याही साध्या रासायनिक परीक्षेत ते दिसणार नाही.

दिसतं ते त्याच्या फुटण्यामुळे. गणित करून पाहिलं तर आयोडिन-१३१चा एक बेकरेल म्हणजे दहा लाखांच्या आसपास अणू. लिटरभर पाण्यात पाण्याचे रेणू असतात तीनावर पंचवीस शून्यं एवढे. त्या गर्दीत आयोडिनचे दहा लाख अणू असले तरी यंत्राला ते सापडतात, कारण त्यांतला दर सेकंदाला एक जण आपला पत्ता स्वतःच ओरडून सांगतो. पर्यावरणात दुसऱ्या कुठल्या विषाचा, रंगाचा किंवा धातूचा इतका बारीक माग काढता येत असेल असं मला वाटत नाही.

आयोडिनच्या मागाची गोष्ट पाण्यापासून सुरू झाली नाही. ती सुरू झाली खाटीकखान्यात. १९५४ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात लेस्टर व्हॅन मिडल्सवर्थ हे शरीरशास्त्रज्ञ कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या थायरॉइड ग्रंथी तपासत होते. त्यांत किरणोत्सारी आयोडिन निघालं. गुरांना कुणी औषध दिलं नव्हतं. हजारो मैलांवर झालेल्या अणुचाचण्यांची धूळ वाऱ्याबरोबर आली, पावसाबरोबर गवतावर पडली, गुरांनी ती चरली आणि थायरॉइडनं वेचून साठवली. थायरॉइड ग्रंथीला आयोडिनची हाव असते, आणि साधं आयोडिन कोणतं, किरणोत्सारी कोणतं, हे तिला ओळखता येत नाही. पंधरा-वीस ग्रॅमची ही ग्रंथी साऱ्या शरीरातल्या आयोडिनचा तीन-चतुर्थांश वाटा आपल्याकडे ओढून घेते. मावशीचा उपचार याच हावेवर चालतो. चेर्नोबिलच्या मुलांचा घातही याच हावेनं केला.

२६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. आयोडिन गवतावर बसलं. गाय दिवसभर चरते म्हणजे केवढ्या तरी रानावरची धूळ गोळा करून दुधात उतरवते. ते दूध मुलं प्यायली. त्या वेळी अठरा वर्षांच्या आत असलेल्यांमध्ये २००५पर्यंत थायरॉइडच्या कॅन्सरचे ६००० हून जास्त रुग्ण नोंदले गेले. पहिले काही आठवडे त्या मुलांचं दूध तोडलं असतं तर यातली कितीतरी मुलं वाचली असती. ब्रिटनमध्ये विंडस्केलला १९५७ साली आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून टाकलं होतं. म्हणजे धडा तीस वर्षं आधीच मिळालेला होता. हे वाचताना आजही संताप येतो.

चेर्नोबिलचं एक टोक मुंबईतही येऊन टेकलं. आयर्लंडहून आलेलं लोणी किरणोत्सारी आहे म्हणून नागरिकांनी न्यायालयात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल पाहून १९८८ साली न्यायालयानं ते लोणी खाण्यास हरकत नसल्याचा निकाल दिला. त्या वादात आयोडिनला जागा नव्हती. लोणी जहाजातून, गोदामातून येईपर्यंत आयोडिन-१३१ केव्हाच संपलेलं असतं; मोजायचं होतं ते तीस वर्षांनी निम्मं होणारं सीझियम. शीतगृहाचे काही महिनेच आयोडिनवरचा उतारा ठरतात. ताजं दूध मात्र तेवढी सवड देत नाही.

आपल्या देशात अणुचाचण्यांच्या धुळीकडे लक्ष गेलं ते लवकर. १९५६ साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं अणुस्फोटांच्या परिणामांवर एक पुस्तक काढलं. दौलतसिंग कोठारी, होमी भाभा आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर अशा तिघांचं ते काम. खानोलकर हे मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ, कॅन्सर संशोधनातलं मोठं नाव. त्याच सुमारास ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणची हवा आणि पाऊस तपासायला घेतला. पुढे तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. आपल्याकडे अणुवीज केंद्र उभं राहायच्या आधीच तिथे पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा बसवायची पद्धत आहे, म्हणजे 'आधी काय होतं' याची नोंद हातात राहते. या प्रयोगशाळा पाणी, गाळ, शेवाळ, मासे, भाजी, दूध असं सगळं गोळा करतात. आणि बकरीची थायरॉइड ग्रंथीही.

बकरीची का, हे मला फार आवडलेलं उत्तर आहे. हवेत, पाण्यात आयोडिन इतकं कमी असतं की थेट मोजायला गेलं तर यंत्रालाही दिसत नाही. बकरी गावभर हिंडते, कुंपणावरचा पाला ओरबाडते, डबक्याचं पाणी पिते, आणि आठवडाभर वेचलेलं आयोडिन गळ्यात एका जागी आणून ठेवते. गावातल्या खाटकाकडून ती ग्रंथी आणली की आठ-पंधरा दिवसांची सगळ्या परिसराची तपासणी झाली म्हणून समजा. समुद्रात हेच काम शेवाळ करतं. १८११ साली बर्नार कूर्त्वा या फ्रेंच माणसाला आयोडिन मुळात सापडलं तेच समुद्री शेवाळाच्या राखेत.

कारवारजवळ काळी नदीच्या काठी कैगाचं केंद्र आहे. २००९च्या नोव्हेंबरात तिथल्या काही कर्मचाऱ्यांच्या लघवीत ट्रिशियम वाढलेलं आढळलं. माग काढत गेल्यावर तो एका पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी थांबला. त्यात कुणीतरी ट्रिशियमयुक्त जड पाणी मिसळलं होतं. आयोडिनचं हे प्रकरण नव्हे, पण मागाची रीत तीच. ती घटना उघडकीला आली, कारण लघवीची तपासणी नेमानं होत होती. काही घडलेलं नसतानाही मोजत राहणारा माणूस जागेवर असेल तरच घडलेलं कळतं.

आता पाण्याकडे. पाण्यातल्या आयोडिनचा माग काढण्याचं माझ्या मते सगळ्यात सुरेख उदाहरण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचं आहे. ११ मार्च २०११ला जपानात फुकुशिमाचा अपघात झाला. जगभर पाणी तपासलं जाऊ लागलं. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या क्वीन लेन जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात आयोडिन-१३१ सापडलं : लिटरमागे ०.०८ बेकरेल. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी लिटरमागे १० बेकरेल आहे, म्हणजे सापडलेलं त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. तरी लोक घाबरले. साहजिक आहे.

मग तपासणाऱ्यांनी आठ दिवसांचा हिशेब लावला. हे फुकुशिमाचं असेल तर दोन-तीन महिन्यांत नाहीसं व्हायला हवं. ते नाहीसं होईना. म्हणजे कुठून तरी रोज नवं येतंय. दुसरी खूण सोबत्यांची. अणुभट्टी फुटली की आयोडिन एकटं कधी येत नाही, सीझियम आणि इतर भावंडं घेऊन येतं. इथे तसं काही नव्हतं. मग ते वरच्या अंगाला चालत गेले. क्वीन लेनच्या पाणी घेण्याच्या जागेजवळ विसाहिकन नावाचा ओढा नदीला मिळतो. त्या ओढ्यावर मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रं आहेत, आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आयोडिन होतं. मूळ निघालं थायरॉइडचे रुग्ण. कुणाच्या तरी मावशीनं दोनदा फ्लश केलेलं आयोडिन.

तोक्योची गोष्ट याच्या आदल्या महिन्यातली, पण वेगळ्या जातीची. २२ मार्च २०११ला कानामाचीच्या जलशुद्धीकरण केंद्रात लिटरमागे २१० बेकरेल आयोडिन मिळालं. जपाननं मोठ्यांसाठी ३०० आणि तान्ह्या बाळांसाठी १०० ही मर्यादा ठरवली होती. दुसऱ्याच दिवशी शहरानं जाहीर केलं की बाळांना नळाचं पाणी देऊ नका, आणि तान्ही मुलं असलेल्या घरांना बाटल्या वाटायला घेतल्या. २४ मार्चला आकडा ७९वर आला आणि बंधन उठलं. पाऊस पडला तेव्हा वर गेलेला आकडा पाऊस ओसरल्यावर खाली आला. लोकांना आकडा लगेच कळत होता, म्हणून हे निभावलं.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात? पाण्याचा नमुना घेताना पहिली दक्षता अशी की त्यात आम्ल घालायचं नाही. धातू तपासायचे असतील तर बाटलीत आधी आम्लाचे थेंब टाकतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. आयोडिनच्या बाबतीत तीच सवय नडते : आम्लात आयोडिन वायुरूप होऊन उडून जातं आणि माणूस रिकामं पाणी मोजत बसतो. मग नमुन्यात थोडं साधं आयोडिन मुद्दाम मिसळतात. किरणोत्सारी अणू इतके मूठभर असतात की एकटे असले तर काचेला, गाळण कागदाला चिकटून हरवतात. भावंडांच्या घोळक्यात ते टिकतात. पुढे अनेक लिटर पाणी एका खास रेझिनमधून गाळायचं किंवा चांदीच्या क्षारानं आयोडिनचा पिवळसर साका बसवायचा. बादलीभर पाण्यातलं आयोडिन चमचाभर साक्यात उतरतं.

तो साका जाड शिशाच्या पेटीत जर्मेनियमच्या स्फटिकाजवळ ठेवतात. स्फटिक द्रवरूप नायट्रोजननं उणे १९६ अंशांपर्यंत थंड केलेला असतो. पेटी बंद केली की काही तास वाट बघायची. पडद्यावर आधी नुसती ठिपक्यांची धूळ दिसते. हळूहळू एका जागी ठिपके रचत जातात, ३६४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर. तिथे सुईसारखं टोक उभं राहिलं की समजायचं, आयोडिन-१३१ आहे. किती उंच, त्यावरून किती बेकरेल. आठ दिवसांनी तोच नमुना पुन्हा ठेवला आणि टोक निम्म्यावर आलं, तर शंकेला जागाच उरत नाही.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. बेंगळुरू शहर एका उंचवट्याच्या पाठीवर वसलं आहे. पश्चिमेकडचं पाणी वृषभावतीतून अर्कावती आणि कावेरीकडे जातं. पूर्वेकडचं, ज्यात शिवाजीनगर आणि जयमहल येतात, ते राजकालुव्यांतून, म्हणजे शहराच्या मोठ्या नाल्यांतून, हलसूर तलावाकडे उतरतं. पुढे बेळ्ळंदूर, मग वर्तूर, मग दक्षिण पिनाकिनी. ही नदी तमिळनाडूत जाऊन कडलूरजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. शहर पितं ते कावेरीचं, शंभर किलोमीटरवरून पंपानं चढवून आणलेलं. सोडतं ते पूर्वेला दुसऱ्याच नदीत. १६३८ साली शहाजीराजांना ही जहागीर मिळाली तेव्हा इथले तलाव पावसानं भरत. आज त्यांतले कित्येक सांडपाण्यानं भरतात. बेळ्ळंदूर तलावावर फेस आणि आग दोन्ही साऱ्या देशानं पाहिलेली आहे.

मावशीच्या आजारात थायरॉइड आयोडिन जोरानं ओढते, त्यामुळे डोसाचा मोठा वाटा गळ्यातच राहतो. समजा एक-तृतीयांश पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे गेला. म्हणजे दिवसाला सहा-साडेसहा कोटी बेकरेल जयमहलच्या नाल्यात. २०१८पासून याच वाटेवरच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं शुद्ध केलेलं सांडपाणी कोलार जिल्ह्यातल्या तलावांत भूजल वाढवायला सोडलं जातं. ती योजना दिवसाला ४४ कोटी लिटरची. मावशीच्या एका दिवसाचं आयोडिन या सगळ्या पाण्यात सारखं मिसळलं असं धरलं तर लिटरमागे येतात सुमारे ०.१५ बेकरेल. भीती वाटावी असा हा आकडा नव्हे. पण चांगल्या प्रयोगशाळेच्या नजरेतून तो सुटणारही नाही. एक बाई, एक कुपी, आणि सबंध खोऱ्याच्या पाण्यात तिची खूण. मी हे गणित दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसेना.

कॅन्सरच्या रुग्णांचे डोस याच्या दहा-वीस पट मोठे असतात. त्यांची थायरॉइड आधीच काढलेली असल्यानं बहुतेक आयोडिन दोन दिवसांत बाहेर पडतं. म्हणून ३० मिलिक्युरीच्या वरचा डोस असेल तर रुग्णाला वेगळ्या खोलीत दाखल करावं लागतं. त्या खोलीच्या संडासाचा पाइप शहराच्या गटाराला जोडलेला नसतो. तो जातो जमिनीतल्या मोठ्या टाक्यांकडे. त्यांना डिले टँक म्हणतात. एक टाकी भरली की झाकायची, दुसरी उघडायची. झाकलेलीत आठ दिवसांचं गणित आपसूक चालू राहतं. पुरेसे आठवडे गेले, मोजून पाहिलं, आकडा मर्यादेत आला की मगच पाणी सोडायचं. अणुऊर्जा नियामक परिषदेचा तसा दंडकच आहे. परिणाम असा की मोठे डोस टाकीत निवतात आणि शहराच्या गटारात दिसतं ते बहुधा घरी पाठवलेल्या लहान डोसांचं आणि सुटी मिळालेल्या रुग्णांच्या अंगात उरलेलं आयोडिन.

नाल्यात शिरल्यावर ते कसं वागतं? बराचसा भाग पाण्याबरोबर वाहत जातो. काही सेंद्रिय गाळाला धरून बसतो, त्यामुळे शुद्धीकरण केंद्रांच्या गाळात ते हमखास सापडतं. गाळ हाताळणाऱ्या कामगारांचा विचार म्हणूनच आधी व्हायला हवा. आणि इथे आयोडिन उपयोगीही पडतं. एखाद्या तलावात ते दिसलं तर समजावं की गेल्या काही आठवड्यांतलं सांडपाणी इथे पोचलंय, मग कागदावर नाला कुठेही वळवलेला असो. खालच्या तलावात वरच्यापेक्षा किती कमी, यावरून पाणी वाटेत किती दिवस रेंगाळलं याचा अंदाज येतो. अमेरिकेत पोटोमॅक नदीत संशोधकांनी रुग्णालयांच्या आयोडिनचा असा उपयोग करून पाहिला आहे. हलसूर ते वर्तूर या वाटेसाठी याहून चांगलं घड्याळ शोधूनही मिळायचं नाही.

आयोडिनचा एक भाऊ मात्र आठ दिवसांत जात नाही. आयोडिन-१२९ निम्मं व्हायला १ कोटी ५७ लाख वर्षं घेतं. ते निसर्गातही अगदी नावाला असतं. अणुयुगाच्या आधीच्या समुद्रात साध्या आयोडिनच्या लाख कोटी अणूंमागे जेमतेम एक-दोन. अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांनी हे प्रमाण ठिकठिकाणी कित्येक पटींनी वाढवलं. ब्रिटनच्या सेलाफील्डचं आणि फ्रान्सच्या ला हेगचं आयोडिन-१२९ नॉर्वेच्या किनाऱ्यानं उत्तर ध्रुवीय समुद्रात शिरलं आणि त्याच्या खुणेवर शास्त्रज्ञांनी तिथले प्रवाह कुठून कुठे जातात ते शोधलं. हे इतकं सावकाश फुटतं की फुटण्याची वाट बघून मोजता येत नाही. त्वरकातून अणू एकेक करून वेगळे मोजावे लागतात. चेर्नोबिलच्या गावांत आयोडिन-१३१ संपल्यावर कुणाच्या अंगणात किती पडलं होतं, हे ठरवायला मातीतला हाच भाऊ साक्षीला आला.

असे माग लोकांपुढे मांडण्याचंही उदाहरण आहे. २०११च्या शरदात युरोपात बऱ्याच देशांच्या हवेत आयोडिन-१३१ दिसलं, एकटंच, सीझियमशिवाय. माग बुडापेस्टला समस्थानिकं बनवणाऱ्या एका संस्थेपाशी पोचला आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं ते जाहीर केलं. जानेवारी २०१७मध्ये पुन्हा दिसलं, पहिल्यांदा नॉर्वेच्या उत्तर टोकाला. प्रमाण क्षुल्लकच होतं, तरी युरोपच्या संस्थांनी ते लोकांसमोर मांडलं. माझं मागणं एवढंच आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन जसं मोजून सांगतात, तसे तलावांच्या आणि शुद्ध सांडपाण्याच्या आयोडिनचे आकडेही लोकांना वाचता येतील अशा जागी, कन्नडमध्ये आणि जमेल त्या सगळ्या भाषांत लावावेत. ०.१५ हा आकडा फलकावर रोज दिसत राहिला तर त्याची भीती उरत नाही. आणि ज्या दिवशी तो १५ होईल त्या दिवशी शिवाजीनगरातला भाजीवालाही विचारील, आज काय झालं?

मावशीला मी शेवटी सगळं समजावून सांगितलं. जयमहलचा नाला, हलसूर, बेळ्ळंदूर, वर्तूर, कोलारचे तलाव. तिनं शांतपणे ऐकलं आणि तिला लागली ती एकच गोष्ट. दहा दिवसांनी ती शिवाजीनगरला परत आली तेव्हा जिन्याजवळच्या शेजारणीनं आपल्या नातवाला तिच्याकडे जाऊ दिलं नव्हतं, महिना उलटला तरी. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस केव्हाच सरले होते. मी त्या काकूंकडे गेलो, आठ दिवसांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. दुसऱ्या दिवशी नातू मावशीकडे खेळायला आला.

तुमच्या घरात, चाळीत, गल्लीत कुणाला हा डोस मिळाला तर कागदावर लिहिलेले दिवस पाळा आणि ते संपले की त्या माणसाला जवळ घ्या. ज्यांच्याकडे एक जादा खोली आणि वेगळा संडास आहे त्यांनी ते दिवस तेवढे त्याला द्यावेत. आमच्या मावशीचा उपचार पंधरा दिवस अडला होता तो औषधावाचून नाही, एका संडासावाचून.